ढोबळे साहेबांचे कोडचे नियम

चहाचे कप रोज धुऊन होतात. किस्से धुतले जात नाहीत, साचत राहतात.

रामदासपेठेत आमचं दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. दार, पाणी आणि चहा माझ्याकडे. मी चौथी शिकलो. कोड मला कळत नाही, आणि कळतो असं मी सांगतही नाही. पण कान शाबूत आहेत.

ढोबळे साहेब आमचे सगळ्यात जुने प्रोग्रामर. माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान. त्यांना विसरण्याचा आजार झाला. डॉक्टर म्हणाले, घरी बसा. साहेब म्हणाले, "जमते तोवर येतो."

*

कोड कसा लिहायचा, याचे नियम साहेबांनीच बसवले. नवीन आलेल्या अंकुशने कोडमध्ये नावं दिली होती ए, बी, सी.

"हे बी म्हणजे काय गा?"

"सर, पेशंटचं वजन."

"मंग वजन लिही ना! पोरगं झालं तर त्याचं नाव बी ठेवशीन काय?"

*

दुसरा नियम : एकाचा कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जाणार नाही. साहेबांचा कोड काटोलहून आलेल्या प्रणाली नावाच्या मुलीकडे आला. पोरगी घाबरली.

"सर, तुमच्या कोडमधी मी काय चूक काढू?"

"माह्या वयाचा मान चपलांजवळ ठेवून ये. मंग काढ!"

*

शनिवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी नवीन कोड चालू करायचा नाही, हाही त्यांचाच नियम. एकदा मालक आजच चालू करा म्हणून अडून बसले.

"बिघडलं तर शनिवारी मी आहे ना ढोबळे!"

"तुम्ही आहा साहेब. पण तुम्हाले येते काय?"

मालक केबिनमध्ये गेले. कोड सोमवारी चालू झाला.

*

मग आजार वाढला. साहेब चहा पिऊन झाल्यावर पुन्हा चहा मागायचे. मी द्यायचो.

अंकुश म्हणाला, "काका, सरचा चहा झाला ना आताच?"

"चहा मी देतो. तू कोड लिही."

पुन्हा कोणी विचारलं नाही.

*

साहेबांच्या कोडमध्ये चुका येऊ लागल्या. प्रणाली त्या गुपचूप दुरुस्त करून कोड पुढे पाठवायची. एक दिवस साहेबांच्या ते ध्यानात आलं.

"माह्या चुका तू काहून सुधरवून राहिली वं?"

"लहान होत्या सर."

"दवाखान्यात ह्याच्यातून औषधाचा डोस निघते. तिथं लहान चूक नसते."

ती रडली. साहेब थांबले नाहीत.

"कोड बदलायची माही परवानगी काढून टाक. आत्ता, माह्यासमोर. मी वाचत जाईन फक्त."

तिने बटण दाबलं. साहेबांनी पडदा नीट पाहिला आणि म्हणाले, "बरोबर केलं."

*

त्यानंतर साहेब नुसते वाचायला यायचे. एका दुपारी प्रणालीने त्यांच्यासमोर त्यांचाच जुना कोड उघडला. आपणच लिहिलेला, हे त्यांना आठवलं नाही. ओळीवर बोट ठेवत ते बराच वेळ वाचत होते. मी चहा घेऊन उभा होतो.

"कोण पोरगा आहे हा? साधं लिहिते. चांगलं लिहिते."

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. मी चहा साहेबांपुढे ठेवला.

"आहे का सोडून गेला?"

"आहे सर. इथंच आहे."

"मंग त्याले सांगजो," साहेब म्हणाले, "मले आजकाल काही समजत नाही. पण त्याचं लिहिलेलं समजलं."