हरून विचारलेलं मागणं

सुधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. तिचा मुलगा एवढंच म्हणाला, "मामी, आई गेली." मी फोन ठेवला आणि उरलेली जुडीसुद्धा निवडून टाकली. आता ते आठवलं की माझाच मला राग येतो, पण त्या क्षणी हातांना दुसरं काही सुचेना... आठवड्यापूर्वीच तिच्याकडे जाऊन आले होते. अंथरुणाला खिळलेली, आवाज बारीक झालेला, तरी मी केलेल्या सांज्यात साखर जास्त झाली हे तिने मला सांगितलंच. खोटं कौतुक तिला कधी जमलं नाही.

सुधा माझी नणंद. मी बेळगावहून लग्न होऊन बेंगळुरूला आले ती साठच्या दशकात. मल्लेश्वरममध्ये घर, पेठेत कापडाचं दुकान, कित्येक पिढ्या इथेच मुरलेलं मराठी कुटुंब. वडिलांना अण्णा म्हणायचे, थोरल्या बहिणीला अक्का, आणि मराठीत कानडी शब्द इतके सहज मिसळायचे की त्यांना ते कानडी आहेत हेही ठाऊक नसावं. मी पहिल्या दिवशी अदबीने "वन्सं" म्हटलं, तर सुधा म्हणाली, "वन्सं म्हणालीस तर मी तुला वहिनीसाहेब म्हणेन. सुधा म्हण, मी कुसुम म्हणते." आमचं तिथेच जमलं. नणंद-भावजयीच्या भांडणांवर ज्यांची करमणूक चालते, त्या शेजारणींची आम्ही फार निराशा केली.

ती गेल्यावर आम्हाला भेटायला आलेल्या तिच्या जुन्या सहकाऱ्यांनी गेल्या काही आठवड्यांत तिच्या कामाबद्दल बरंच सांगितलं. मोठं काम होतं म्हणे. असणारच. पण त्यातलं अर्धं माझ्या डोक्यावरून गेलं. मला जी सुधा ठाऊक आहे ती पाडव्याच्या एका दुपारची आहे आणि ती कुणी सांगितली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

गणितात पदवी घेऊन सुधा घराजवळच्याच एका संशोधन संस्थेत लागली होती. तिथे नुकताच संगणक आला होता. आताच्यासारखा मांडीवर मावणारा नव्हे. त्याला स्वतंत्र खोली होती, गार हवा होती आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. सासूबाई म्हणायच्या, आमच्या देवघराला तरी एवढं सोवळं आहे का. भोकं पाडलेली जाड कागदाची कार्डं त्याला भरवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपलं म्हणणं लांबलचक कागदावर छापून द्यायचा. सुधाने एकदा असं एक कार्ड घरी आणलं, तर अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "यात राजा कुठला आणि गुलाम कुठला?"

अण्णांना पत्त्यांचं भारी वेड. एरवी घरात पत्त्यांना बंदी, पण दिवाळीच्या पाडव्याला दुपारी जेवणं झाली की माजघरात सतरंजी पडायची आणि एकवीसचा डाव मांडला जायचा. खेळ साधा. राजा, राणी, गुलाम यांचे दहा-दहा, बाकीच्या पानांचे त्यांच्या आकड्याइतके. पानं घेत घेत एकविसाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. एकवीस ओलांडलं की हात जळला. बँक घरातल्या वडीलधाऱ्याची, म्हणजे अण्णांची. त्यांचं एक पान उघडं, एक पालथं. आपल्याला आणखी पान हवं असेल तर "बेकु" म्हणायचं, पुरे असेल तर "साकु". कानडीत हवं आणि पुरे. खेळायचं चिंचोक्यांवर. आणि या घरची खासियत अशी, की जो कोणी बँकेसमोरचं चिंचोक्यांचं वाडगं रिकामं करील, त्याने अण्णांकडे एक मागणं मागायचं आणि अण्णांनी ते पुरं करायचं. यावर अपील नाही. कुणी सर्कस मागितली होती, कुणी सायकल. सासूबाईंनी म्हणे एका वर्षी स्वयंपाकघरात नळ मागितला होता, आणि त्या नळाचं पाणी पिताना अजून त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव यायचा.

त्या वर्षी संस्थेने सुधाला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी कानपूरला पाठवायचं ठरवलं. ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा नुसता फुलला होता. आणि अण्णांच्या थोरल्या बहिणीने, ज्यांना सगळं घर अक्का म्हणायचं, एका वाक्यात तो विझवला. लग्नाच्या वयाची मुलगी एकटी एवढ्या लांब जाणार नाही. धारवाडकडच्या एका स्थळाशी अक्कांचीच बोलणी चालली होती. अण्णा लहानपणी आईवेगळे झालेले, अक्कांनीच त्यांना वाढवलं. त्यांच्यापुढे अण्णांनी कधी मान वर केली नव्हती. ते सुधाला म्हणाले, "बघू." आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही.

सुधा रडली नाही, भांडलीही नाही. संस्थेच्या वाचनालयात एका परदेशी मासिकात तिने वाचलं होतं, की कुणीतरी संगणकाकडून एकवीसचे असंख्य डाव खेळवून घेऊन कधी पान मागावं आणि कधी थांबावं हे शोधून काढलं आहे. तिने साहेबांना सांगितलं की मशीन पत्ते नीट पिसतं का, म्हणजे त्याचे आकडे खरोखर कुठल्याही ठरावीक क्रमाशिवाय येतात का, हे तपासायला असा खेळ उत्तम. साहेबांनाही मजा वाटली असावी. जेवणाच्या सुट्टीत मशीन मोकळं असेल तेव्हा चालव म्हणाले. मग सुधा घरी बसून प्रोग्रॅम लिहू लागली. प्रोग्रॅम म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "अगदी आज्ञाधारक आणि अगदी मठ्ठ मुलाला सांगतो तसं सांगायचं. काही गृहीत धरायचं नाही." पहिल्यांदा मशीनने छापून दिलं की हातात वीस असले तरी पान मागा. दोन कार्डं मागेपुढे झाली होती. सुधा तो कागद हातात धरून हसत सुटली. म्हणाली, हा तर आपल्या किट्टूमामासारखा खेळतो. किट्टूमामा, म्हणजे सासूबाईंचे भाऊ, नेहमी नेमकं उलटं खेळायचे.

मग उत्तरं धड यायला लागली आणि तिची शिकवणी सुरू झाली. शिकवणी घेणारी मी. तांदूळ निवडताना, फुलं गुंफताना मी विचारायची, बँकेची छक्की, तुझे तेरा? "साकु." बँकेचा राजा, तुझे तेरा? "बेकु." बँकेचा राजा, तुझे सोळा? "बेकु." सोळावर पान मागायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं माझं मत. ती शांतपणे म्हणायची, थांबलीस तर जास्त वेळा हरशील, मागितलंस तर स्वल्प कमी वेळा. जिंकायचं नाहीच का मग, मी विचारलं. त्यावर ती म्हणाली की बँक नेहमी जराशी पुढेच असते, हे मशीनने स्पष्ट सांगितलंय. मी वैतागून हातातलं सूप खाली ठेवलं.

"मग एवढा खटाटोप कशाला?"

"म्हणजे हरले तर माझ्या चुकीने हरणार नाही, कुसुम."

दसऱ्याला तिने अण्णांना गळ घालून चार डाव खेळून पाहिले आणि सपाटून हरली. तिची गफलत तिच्या लगेच लक्षात आली. मशीनमधली बँक सतरा झाले की थांबायची, तो तिकडच्या खेळाचा नियमच. अण्णांच्या बँकेला नियम नव्हता. ते कधी पंधरावर थांबत, आणि समोर एखादं लहान पोर अगदीच हिरमुसलं असेल तर एकोणीसवरही पान ओढून स्वतःचा हात जाळून घेत. आमच्या घरातली सगळी मुलं अशीच जिंकत आली होती. एवढी हुशार मुलगी, जन्मभर बापाशी खेळली, आणि तो माणसं बघून खेळतो हेच मशीनला सांगायला विसरली. तिने अण्णांनाच सरळ विचारलं, की तुम्ही थांबता कधी? ते म्हणाले, समोर कोण बसलंय ते बघून. हे कार्डावर कसं टोचणार, असं ती म्हणाली तेव्हा ते पोट धरून हसले. पण अण्णा जातिवंत व्यापारी. समोरच्याने माल उजेडात बघायला मागितला तर दुकानाबाहेर आणून दाखवणारे. म्हणाले, "सरी, ठीक. पाडव्याला मी तुझ्या मशीनच्या बँकेसारखा खेळीन. सतराला थांबेन. शब्द."

पाडव्याला सतरंजीभोवती सगळं घर जमलं. अक्का पाटावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुधा काय मागणार हे त्यांच्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं. इतर एकेक करून गळाले आणि बापलेक दोघेच उरले. मी त्या दुपारइतकी सुंदर सुधा पुन्हा पाहिली नाही, तिच्या लग्नातसुद्धा. पाठ ताठ, घाई नाही. राजासमोर सोळा आले तेव्हा किट्टूमामा साकु साकु म्हणून कुजबुजत असताना ती "बेकु" म्हणाली, पंजी आली आणि मी नव्या सुनेची रीत विसरून टाळी वाजवली. वाडगं हळूहळू रिकामं होत गेलं. तळाशी मूठभर चिंचोके राहिले तेव्हा तिने तेवढेच आपले पुढे सरकवले. तिचे अठरा झाले. "साकु." अण्णांची नव्वी उघडी होती. त्यांनी पालथं पान उलटलं. राणी. एकोणीस.

अण्णा सुधाकडे बघत राहिले... आणि मग त्यांनी गड्डीवरचं पान ओढलं. छक्की. हात जळला. वाडगं रिकामं. मुलांनी एकच गिल्ला केला, किट्टूमामा उभे राहिले. अण्णा सुटकेचा श्वास टाकून अक्कांकडे वळले, म्हणजे आता माझा काय इलाज, घरची रीतच आहे, असं म्हणायला.

सुधाने चिंचोक्यांवर हात ठेवला. "अण्णा, तुमचे एकोणीस होते. तुम्ही थांबायचं ठरलं होतं."

"माझी बँक आहे, अम्मा. मला वाटलं, मी ओढलं." लाडात आले की ते तिला अम्मा म्हणत.

"मग मी जिंकले नाही." आणि तिने आपल्या पुढचा सगळा ढीग त्या वाडग्यात ढकलून दिला.

मला तर तिला चिमटा काढावासा वाटला. मी असते तर पदरात पडलं पवित्र झालं म्हणून ते चिंचोके पदराला बांधून सरळ कानपूरची गाडी गाठली असती. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. अक्कांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं होतं. आणि ही बाई जागची हलली नाही. हात मांडीवर ठेवून तिने बापाकडे पाहिलं.

"हरले मी. आता तसंच विचारते. मला कानपूरला जायचंय. जाऊ?"

तेव्हा मला कळलं तिने काय केलं ते. अण्णांना तिला पाठवायचं होतं. पण ते स्वतःच्या तोंडाने म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून ते पत्त्यांकडून वदवून घेत होते. तिने त्यांची ती पळवाट बंद केली. होकार नियमाचा नको होता तिला आणि लाडाचाही नको होता. बापाचा हवा होता, सगळ्यांसमोर. त्यासाठी तिने हातात आलेलं कानपूर परत वाडग्यात टाकलं होतं. तिथे "नाही" आलं असतं, तर संपलंच होतं. एवढं धैर्य मी तरी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही.

अण्णांनी पानं गोळा केली, एकसारखी केली, खाली ठेवली. अक्कांकडे न बघता ते म्हणाले, "जा." मग मान वर करून अक्कांकडे बघून पुन्हा म्हणाले, "तिला मी पाठवतोय, अक्का." अक्का उठून आत गेल्या. संध्याकाळी त्यांनीच सुधाला विचारलं की कानपूरला थंडी किती असते, आणि लोकर मागवून घेतली.

पुढचं सगळं सहकाऱ्यांनी सांगितलंच आहे. धारवाडचं स्थळ बारगळलं, लग्न तिने आपल्या वेळेला आपल्या पसंतीने केलं, आणि ते मागायलाही अशीच समोर येऊन बसली होती. घरात मात्र एक फरक कायमचा पडला. पाडव्याला हरलेल्यालाही मागणं मागता येऊ लागलं. उत्तर नाही आलं तर नाही. पण विचारायचं. मी शाळेत शिकवायला लागले तेही एका पाडव्याला, सगळे चिंचोके घालवून बसलेली असताना विचारून.

यंदा घरात सण नव्हता. आकाशकंदील नाही, फराळ नाही. पण दुपारी मुलं माझ्या खोलीत येऊन रेंगाळली, आणि मला वाटलं सुधा म्हणाली असती, पत्ते हा सण थोडाच आहे. सतरंजी घातली. आता घरात थोरली मी, तेव्हा बँक माझी. शेवटी समोर उरली माझी नऊ वर्षांची पणती, शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या मारतहळ्ळीहून आलेली, धड मराठी न येणारी. तिचे अठरा, माझे एकोणीस. तिचा ओठ थरथरायला लागलेला मला दिसत होता. माझा हात गड्डीकडे गेलाच होता... फार जड गेलं हो, पण मी तो मागे घेतला. "साकु," मी म्हटलं.

ती हरली. थोडी रडली. मग फ्रॉकने डोळे पुसून माझ्यासमोर नीट मांडी घालून बसली आणि म्हणाली, "पणजी, आता विचारू?"