पातेल्यात काय उरलं?

अनुजाचा फोन आला तेव्हा मी बोटांना तेल लावून केळफूल सोलत होते. हात पुसून फोन घेईपर्यंत तो बंद झाला. मी लगेच परत केला नाही. आधी राहिलेलं केळफूल सोलून झालं, ते ताकाच्या पाण्यात बुडवून ठेवलं, मग खुर्ची ओढून बसले आणि फोन लावला. शुभदाची सून सकाळी सकाळी उगीच फोन करणार नाही, हे मला ठाऊक होतं… शुभदा गेली, याला आता काही आठवडे झाले. अजून एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडते, पान तेच राहतं.

शुभदा विरारला फुलपाड्यात राहायची आणि लोक काय खातात, याचा अभ्यास करायची. माझी तिची ओळख झाली ती आमच्या सांडोर गावात. गावातल्या तरुण मुली आणि बायका यांच्या अंगात रक्त कमी, बसल्या जागेवरून उठलं की चक्कर. एवढ्या हिरव्या गावात असं का, हे शोधायला ती आली होती. मी इथल्या शाळेत शिकवत असे, घरं दाखवायला तिच्यासोबत निघाले. रविवारी चर्चमध्ये मिस्सेनंतर फादरांनी सगळ्यांना सांगितलं होतं, बाई येणार आहेत, सहकार्य करा. गावाने केलं. पहिल्या घरात कोंबडी, दुसऱ्यात पापलेट, तिसऱ्यात सणासुदीला करतात ते फुगे आणि इंद्याल. "काल काय खाल्लं?" या प्रश्नाला प्रत्येक बाई अशीच भरभरून उत्तरं देत होती. माझ्या शेजारच्या सिसिलकडे पोहोचेपर्यंत शुभदाने पेन खाली ठेवलं होतं.

"टीचर, तुमच्या गावात रोज लग्न असतं का?"

सिसिलने ते ऐकलं. "पाहुणी येणार म्हणून सांगितलेलं. मग काय तुला सुका बोंबील दाखवू?"

"मी पाहुणी नाही हो."

"मग बाहेर खुर्चीवर का बसलीस? ये आत."

शुभदा आत गेली ती त्या दिवसापासून आतच राहिली, असं मला वाटतं. जमवलेली सगळी उत्तरं तिने बाजूला ठेवली. तिच्या वरिष्ठांना ते अजिबात रुचलं नाही. लोक सांगतात ते लिहायचं, असं त्यांचं म्हणणं. पण ते लिहिलं असतं तर इथल्या बायका पोटभर खातात असं ठरून गोळ्या, तपासण्या, सगळं दुसऱ्या गावाला गेलं असतं. "या खोटं बोलत नाहीत, टीचर," ती मला परतीच्या वाटेवर म्हणाली, "माझा मान राखतात. म्हणून तर पंचाईत आहे."

मग ती न सांगता येऊ लागली. दुपारी, सगळ्यांची जेवणं उरकून घरातली बाई एकटी ताट घेते त्या वेळेला. सोबत एक स्टीलची वाटी, आतून खिळ्याने रेघा ओढलेली: पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. काय खाल्लं हे विचारणं तिने सोडूनच दिलं. विचारायची, "पातेल्यात काय उरलंय?" सिसिलच्या पातेल्यात तळाला रस्सा होता.

"तुकडे कुठे गेले?"

"ज्यांच्या पोटात जायचे त्यांच्या. मला रस्साच आवडतो."

"कधीपासून आवडतो?"

सिसिल वाटीकडे बघत राहिली. "लग्न झाल्यापासून," म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली. शुभदा हसली नाही. वाटीत रस्सा ओतून तिने रेघ पाहिली. अहवाल उशिरा गेला, तिला बोलणी बसली, पण आमचं गाव गोळ्या-तपासण्यांच्या यादीतून सुटलं नाही.

मागच्या वर्षी तिला पोटाचं दुखणं जडलं. मी रोज फोन करायची. "जेवलीस?" "जेवले. पोळी-भाजी, थोडा भात." आवाज मात्र दिवसेंदिवस पातळ होत चालला होता. एकदा मी विचारलं, "पातेल्यात काय उरलंय?"

"टीचर, हा माझा प्रश्न आहे."

"म्हणूनच विचारते."

"सगळं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तांदळाची पेज घेऊन फुलपाड्याला गेले. तिच्याच वाटीतून तिला चमच्याने भरवली. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. अनुजा मोठ्या आशेने त्यांना सांगत होती, "आज वाटीभर पेज घेतली आईंनी."

शुभदाने बोट वर केलं. "अर्धी."

"आई, राहू दे ना."

"अर्धीच सांग."

अनुजाने तसं सांगितलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. नळ बराच वेळ वाहत होता. मी वाटी डोळ्यांसमोर धरून पाहिली. पेज अर्ध्या रेघेवर होती. आमची ती शेवटची भेट.

दिवसकार्य झाल्यावर अनुजाने ती वाटी मला दिली. नेहमीच्या भांड्यांत ठेववत नाही, कपाटात बंद करून ठेवायलाही मन घेत नाही. ओट्यावरच असते, जाता-येता हाताला लागते.

काल दुपारी सिसिल आली. "टीचर, जेवलात?"

"जेवले."

तिने मान हलवली, सरळ आत गेली आणि ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण उचललं. सकाळचा भात तसाच होता. तिने शुभदाची वाटी घेतली, वरच्या रेघेपर्यंत भात भरला, माझ्यासमोर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.