कंसातलं नाव

मी पूर्णेला घरी बसून वेबसाइटी बनवते. घरामागून रूळ जातात. दुपारी जेवण झालं की गाडीच्या धडधडीनं डोळे जड होतात, आणि स्क्रीनवरची अक्षरं पाण्यावर तेल तरंगावं तशी तरंगायला लागतात. त्या दिवसांत परभणीच्या एका बस्त्याच्या दुकानाचं काम हातात होतं. प्रत्येक नवरीसाठी साइटवर एक पान, आणि त्यावर तिच्या नवऱ्याच्या नावाचा उखाणा.

युक्ती सोपी होती. दुकानवाल्यांनी चौकोनी कंसात एक शब्द लिहायचा, त्याला शॉर्टकोड म्हणतात, आणि शेजारी इंग्रजी अक्षरांत 'नाव' अशी खूण करून नवरदेवाचं नाव. मी लिहिलेल्या कोडच्या तुकड्यानं ते नाव कंसातून उचलायचं आणि उखाण्यात नेमक्या जागी नेऊन ठेवायचं.

उखाणे द्यायला ताडकळसहून आत्या आली होती. पलंगावर आडवी पडून, छताकडं बघत एकामागून एक सांगत जायची. नावाची जागा आली की नुसतं "हूं" म्हणायची आणि पुढं सरकायची. मला आधी हसू आलं, मग कळलं. मालक, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नव्हतं, आणि उखाण्याबाहेर तर तिनं त्यांचं नाव जन्मात घेतलं नव्हतं.

"सणासुदीला तरी निघायचं तोंडातून," ती म्हणाली. "आता कधीच न्हाई. एकदा घ्यावं वाटायलंय गं. विसरून जाते का काय, भेव वाटायलंय."

मला त्या हळदीकुंकवाच्या बायकांचा असा संताप आला! मी लय चिडकी हाय, तोंडात येईल ते बोलले. आत्या तिकडं तोंड करून झोपली.

पानं तयार झाली आणि घोटाळा झाला. नाव मिळालंच नाही तर जागा रिकामी दिसू नये म्हणून मी कोडात 'अमुकराव' लिहून ठेवलं होतं. आता जे पान उघडावं त्यावर अमुकरावच!

"अगं बया!" आत्या उठून बसली. "साऱ्या जिल्ह्याच्या पोरी एकालाच दिल्यास की!"

त्या दुपारी मला डुलकी लागली आणि स्वप्न पडलं. फलाटावर गाडी उभी, खिडकी-खिडकीत मुंडावळ्या बांधलेली नवरी, आणि सगळ्याजणी शांतपणे अमुकरावांची वाट बघायल्यात. गाडी काही सुटत नव्हती. जागी झाले तेव्हा चूक समोरच होती. दुकानवाल्यांना दिलेल्या कंसाच्या नमुन्यात 'नाव' ही खूण लिहिताना मी एक ए टाकला होता, कोडात दोन. दोघांची गाठच पडत नव्हती. कपाळाला हात लावला, जास्तीचा ए काढला, आणि एकेक नवरदेव आपापल्या पानावर येऊन बसला.

मग आत्याला न विचारता मी एक पान जास्तीचं केलं. कंसात तिच्या मालकांचं नाव टाकलं आणि स्क्रीन तिच्याकडं फिरवली. वाटलं, खूश होईल. तिनं चष्मा लावून, बोट फिरवत सगळं वाचलं. मनातच वाचलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पण हे तुझ्या मशिनीनं घेतलं. मी कुठं घेतलं?"

"मग घे की!"

"असं कसं घ्यावं? कुणी म्हणावं तर लागतंय."

एवढंच तर होतं. इतकी वर्षं नाव तिच्याजवळच होतं, मागणारं कुणी नव्हतं. मी लॅपटॉप बंद केला, पलंगासमोर खाली बसले आणि लग्नघरात म्हणतात तसं म्हणाले, "आत्याबाई, नाव घ्या. अहो, घ्या की नाव!"

ती लाजली. खरंच लाजली, पदर सावरला.

"ज्वारीच्या भाकरीवर अंबाडीची भाजी," एवढं म्हणून थांबली. मला वाटलं, आता "हूं" म्हणेल. पण तिनं नाव घेतलं, खणखणीत, अख्खं. "...रावांचं नाव घेते, मर्जी हाय माझी!"

बाहेरच्या खोलीतून बाबांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

आत्यानं डोळे पुसले. "तू गप बैस तिकडं," ती भावाला म्हणाली, आणि मला म्हणाली, "आणखी एकदा म्हण."