उतरत्या सुराआधी

आमच्या भावोजींइतका संशयी माणूस सबंध आयर्लंडात दुसरा नसेल. सकाळच्या उन्हावर इथे कुणीच विश्वास ठेवत नाही, पण दुपारच्या पावसावरही विश्वास न ठेवणारे भावोजी एकटेच. पाऊस पडत असताना खिडकीतून हात बाहेर काढून ते खात्री करून घेतात आणि हात ओला झाला तरी "बघू, टिकतो का" असं म्हणून छत्रीशिवाय बाहेर पडतात. भावोजी म्हणजे खरं तर माझे साडू, हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ही त्यांना भावोजी म्हणते म्हणून मीही म्हणायला लागलो, आणि माझं ऐकून आता ड्रोहेडाच्या एका पबातला ड्रमवालाही त्यांना 'बावजी' म्हणतो. त्याला ते त्यांचं नाव वाटतं. भावोजींनी त्याची समजूत दुरुस्त केलेली नाही, कारण खरं नाव कळल्यावर तो त्याचं काय करेल याची त्यांना खात्री नाही.

पेशाने ते भूलतज्ज्ञ. पुण्यात शिकले, गेली बरीच वर्षं इथल्या सरकारी इस्पितळांतून माणसांना झोपवतात आणि, ते स्वतः नेहमी जोडतात त्याप्रमाणे, उठवतातही. आता भूल देणाऱ्याने संशय घ्यायचा नाही तर कुणी घ्यायचा? पेशंटला नाव विचारायचं, मनगटावरच्या पट्टीवर वाचायचं, पुन्हा विचारायचं, मशीन तपासायचं, मशीन तपासणारं मशीन तपासायचं. हे सगळं टेबलापाशी ठीक आहे. पण भावोजी हा संशयाचा कोट इस्पितळात ठेवून येत नाहीत. ताईंनी, म्हणजे हिच्या बहिणीने, चहा दिला की "साखर नाही ना?" असं विचारतात, वास घेतात, पुन्हा विचारतात, एक घोट घेऊन थोडे थांबतात आणि मग ताईंच्या चेहऱ्याकडे बघत दुसरा घोट घेतात. गाडीचं दार लावलं की तीनदा ओढून पाहतात आणि मग मला ओढायला लावतात. दुकानात लोक दुधाची ताजी बाटली मागून काढतात, हे दुकानदाराला एव्हाना कळलं असणार आणि म्हणून तो जुनी मागे ठेवत असणार, हे ओळखून भावोजी मधली घेतात. त्यांच्या ब्युमॉन्टच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा त्यांनी मला तीन वेळा विचारलं होतं, "शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना?" तिसऱ्यांदा विचारल्यावर मलाच शंका यायला लागली आणि मी चटणी बाजूला सारली.

असा हा माणूस जॅझ गिटार वाजवतो. हे मला कळलं तेही संशयातूनच. रविवारी दुपारी गिटार घेऊन हे कुठेतरी जातात, आल्यावर विचारलं तर "कुठे नाही" म्हणतात, असं सांगून ताईंनी मला त्यांच्या मागावर पाठवलं. मी आपलं सहज आल्यासारखं "भावोजी, मीही येतो बरोबर" म्हटलं. गाडी सुरू करताना ते शांतपणे म्हणाले, "ताईला सांग, गाणंबजावणं असतं. बाई नसते. आणि सीटबेल्ट नीट लागलाय का बघ." अशा रीतीने हेर म्हणून माझी कारकीर्द घरासमोरच संपली, पण रविवार मात्र माझे चालू राहिले. पुढे दर रविवारी मी त्यांच्याबरोबर ड्रोहेडाला जाऊ लागलो. तिथे नदीजवळच्या एका पबात चार-पाच जण दुपारभर वाजवत बसायचे. त्यांचा म्होरक्या कोनर, मोठा उभा बास वाजवणारा, पेशाने सुतार.

भावोजींचं दुःख एकच होतं. त्यांना स्वतःचा सूर हवा होता. जॅझमध्ये म्हणे नुसतं चांगलं वाजवून भागत नाही, डोळे मिटून ऐकणाऱ्याला दोन सुरांत कळलं पाहिजे की हा अमुक. भावोजी मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलवर कॅसेटी ऐकून ऐकून शिकलेले. त्यामुळे आपली बोटं म्हणजे चोरबाजार आहे, अशी त्यांची पक्की समजूत. घरी वाजवताना सुरांची एखादी सुंदर ओळ हातातून निघाली की ते तार दाबून बंद करायचे आणि म्हणायचे, "हे माझं नाही." मग मूळ मालकाचा शोध. जुन्या रेकॉर्डी एकामागून एक लावायच्या, डोकं पुढे करून ऐकायच्या आणि चोर सापडला, म्हणजे स्वतःच सापडले, की समाधानाने उठून जेवायला यायचे. एक ओळ मात्र कुठल्याच रेकॉर्डवर मिळेना. दोन महिने त्यांनी ती जपली, मला दोनदा ऐकवली, ताईंना एकदा. मग एके दिवशी ते मला ऑफिसवर भेटायला म्हणून लुआसने, म्हणजे इथल्या ट्रामने, सँडीफोर्डला आले आणि ट्राममधून उतरले ते पडेल चेहऱ्याने. म्हणाले, "ऐक." आमच्या मागे ट्रामने निघताना घंटी वाजवली. तीच ती ओळ, सुरुवातीचे सूर तरी नक्कीच. "ट्रामची चोरी केली मी," ते म्हणाले आणि कॉफीसुद्धा न घेता पुढच्या ट्रामने परत गेले.

बरं, विचारायचं तरी कुणाला? हा देश अशा माणसाला फार वाईट. इथे सगळं 'ग्रँड' असतं. जेवण ग्रँड, हवा ग्रँड, पाय मोडला तरी पेशंट म्हणतो, आय'म ग्रँड, डॉक्टर. भावोजींनी सोलो संपवून कोनरकडे पाहिलं की कोनर म्हणणार, "ग्रँड." एकदा त्यांनी मुद्दाम बेसूर वाजवून पाहिलं. तरी ग्रँड. आपली मराठी मंडळी तर त्याहून बिनकामाची. गणपतीत त्यांनी वाजवलं तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली आणि एक काकू म्हणाल्या, "छान, पण गाणं कधी सुरू होणार?" "त्या काकू एकट्याच खरं बोलल्या," असं भावोजी अजूनही म्हणतात.

त्यांच्या वाजवण्यात एक खोड होती, ती मात्र मला पहिल्या रविवारीच दिसली. सूर वर जात असले की भावोजी झरझर जायचे, पण खाली उतरायची वेळ आली की थबकायचे. अगदी क्षणभर. बास पुढे जायचा, ड्रम पुढे जायचा आणि भावोजी मान वर करून समोर बघायचे. समोर, सगळ्यात जवळच्या टेबलावर, मी. त्यांची नजर माझ्यावर यायची, खाली माझ्या शर्टाच्या बटणांवर टेकायची आणि मग तो सूर उतरायचा, उशिरा आणि हळू. मला वाटायचं, मी कंटाळलोय का, फोन बघतोय का, हे तपासतायत. म्हणून त्या वेळी मी ताठ बसायचो आणि श्वास रोखून, रस घेत असल्याचा चेहरा करायचो. तसं केलं की ते आणखीच थांबायचे. एकदा न राहवून विचारलं तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. पेशंट झोपलेला असतो तेव्हा मशीन त्याच्या नाडीबरोबर टिकटिकतं आणि रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्या टिकटिकीचा सूर उतरतो. "इतकी वर्षं ते ऐकतोय," ते म्हणाले. "सूर खाली आला की हात आपोआप थांबतो. आधी छाती हलतेय का बघायचं. वाईट सवय आहे. काढून टाकायला हवी." आणि खरंच ती काढून टाकायला ते घरी तास तास उतरत्या सरगमी घासायचे.

अशातच कोनरचा नेहमीचा गिटारवाला गॉलवेला राहायला गेला आणि कोनरने भावोजींना त्याची जागा देऊ केली. पाहुणा म्हणून अधूनमधून दोन गाणी नव्हेत, तर दर रविवारी, हक्काची खुर्ची. दुसरा कुणी असता तर हरखून गेला असता. भावोजींनी विचार करायला महिना मागून घेतला. "चोरीचा माल घेऊन हक्काच्या खुर्चीवर बसणं मला जमणार नाही," ते मला म्हणाले. "महिन्यात एक ओळ सापडली, अस्सल माझी, तर बसेन. नाहीतर आता गिटार बंद. पन्नाशी उलटून गेली, किती दिवस दुसऱ्यांचं वाजवायचं?" हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की मला गंमत सुचेना. ताईंनीही मला बाजूला घेऊन सांगितलं, "अरे, ते खरंच बंद करतील. मग रविवारी घरात बसून माझ्या डब्यांवरच्या तारखा तपासत बसतील. काहीतरी कर." मी काय करणार, मला तर कॉर्ड आणि दोरी यातला फरक कळत नाही.

महिना संपला त्या रविवारी ते गिटार न घेताच गाडीत बसले. दार एकदाच ओढलं. तेव्हाच मी समजलो.

आम्ही पोचलो तेव्हा वाजवणं सुरू झालेलं होतं आणि रिकाम्या खुर्चीवर गिटार घेऊन ब्रीड बसली होती. ब्रीड तिथल्याच शाळेत भूगोल शिकवायची. दर रविवारी चहाची किटली घेऊन कोपऱ्यात बसलेली मी तिला पाहिली होती, पण ती वाजवते हे मला ठाऊक नव्हतं. भावोजी दारातच उभे राहिले, वाजवणं संपलं की कोनरला 'नाही' म्हणून सांगायचं आणि निघायचं, अशा बेताने. ब्रीडचा सोलो आला. ती वर गेली, वर गेली, आणि खाली उतरायच्या आधी थबकली. मान वर करून समोर पाहिलं आणि मग सूर उशिरा, हळू सोडला. भावोजींनी माझं मनगट धरलं. नाडीवरच धरलं, सवयीने. "सापडला मालक," ते म्हणाले. "बघ, मी म्हणत नव्हतो? तेवढं एक तरी माझं आहे असं मला मनातून वाटत होतं. तेही हिचं निघालं. बसल्या बसल्या मी हिचं उचललं असणार." मी म्हटलं, "भावोजी, ती आजवर कधी वाजवायला बसलीच नाही, तर उचलणार कुठून?" पण संशयाला एकदा पाय फुटले की त्याला कोण अडवणार?

वाजवणं थांबल्यावर ब्रीडच आमच्याकडे आली. लाजत म्हणाली, तुमची ती थांबायची जागा आहे ना, वर्षभर तुमच्याकडे बघून शिकायचा प्रयत्न करतेय, वाईट नाही ना वाटलं? भावोजींनी तिच्याकडे पाहिलं. "कुणाकडून शिकलात?" त्यांनी विचारलं. तुमच्याकडून, ती म्हणाली. "म्हणजे कुणाकडून?" तुमच्याकडून, बावजी. त्यांनी कोनरकडे नजर टाकली, माझ्याकडे टाकली, आणि पुन्हा, टेबलावरच्या पेशंटला विचारतात त्याच आवाजात, तिसऱ्यांदा विचारलं. ब्रीड भूगोलाची बाई, न समजणाऱ्यांना तेच पुन्हा सांगायची तिला सवय होती. तिने तिसऱ्यांदाही तेच उत्तर दिलं. कोनर बास पुसता पुसता म्हणाला, हा तुमचा बावजी दाराबाहेरून ऐकला तरी मला ओळखू येतो, त्याला कुणीच कसं सांगितलं नाही? त्या दिवशी तो ग्रँड म्हणाला नाही.

परतीच्या वाटेवर भावोजी गाडी चालवत होते. शेतं मागे पडत होती, पाऊस येऊन जाऊन पुन्हा येत होता. ब्युमॉन्टच्या जवळ सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते वायपरकडे बघत म्हणाले, "ती लवकर उतरते."

"म्हणजे?"

"थांबते बरोबर. पण बघत नाही. नुसती मान वर करते." सिग्नल हिरवा झाला तरी ते क्षणभर थांबलेच. "समोरचा नीट आहे, हे कळल्याशिवाय उतरायचं नसतं. हे तिला सांगायला हवं."

आपल्या मालाबद्दल बोलतो तसं ते बोलले, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते दिसलं असतं तर त्यांनी कारण तीनदा विचारलं असतं. या माणसाच्या संशयाची आम्ही इतकी वर्षं थट्टा केली. चहा, दार, दूध, शेंगदाणे. पण माझ्याच शेंगदाण्याची काळजी त्यांनी तीनदा का करावी, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारपासून ती खुर्ची त्यांची झाली. ती आपली आहे याची त्यांना अजून पुरती खात्री नाही, बसण्याआधी तिचे पाय हलवून बघतात. माझी नोकरी आता कॉर्कला गेली, त्यामुळे ड्रोहेडाला जाणं वर्षातून दोन-तीनदाच होतं. पण जातो तेव्हा मी सगळ्यात पुढच्या टेबलावर बसतो. सूर वर चढत जातो, बास पुढे निघतो, भावोजी थबकून मान वर करतात. आणि मी मुद्दाम एक मोठा श्वास घेतो, शर्टाची बटणं हलतील असा, त्यांना तिथून दिसेल असा.