गोठ्याच्या भिंतीतलं झाड

बोन्साय करायला लागले तेव्हा पहिली दोन झाडं मी जात न ओळखताच मारली. व्हिडिओत जशी मुळं छाटली होती तशीच मी छाटली. पण व्हिडिओतलं झाड वेगळं होतं, माझं वेगळं. तेव्हापासून एक ठरवलं : साल आणि पान बघून नाव कळल्याशिवाय करवत लावायची नाही.

जामखेडजवळ मावशीच्या गोठ्याच्या दगडी भिंतीत एक झाड उगवलं होतं. उंची गुडघ्याएवढी, पण खोड मनगटाएवढं जाड, दोन दगडांमधून वळून बाहेर आलेलं. असं खोड कुंडीत वाढवून मिळत नाही. मावशीचा फोन आला, "भिंतीला शिमिट करायचंय. उद्या गवंडी येतोय. तुला पायजे ना ते?" मी नगरहून पहिल्या एसटीनं गेले.

गवंडीकाका साठीचे असतील. त्यांनी झाड बघितलं आणि हातोडा खाली ठेवला.

"पिंपळ हाय ह्यो. मी न्हाई तोडनार. हितलं सोडून बाकीची भिंत करतो."

"आन मुळांनी उद्या गोठा पडला म्हंजी?" मावशी म्हणाली.

"मंग दुसरा गवंडी बगा."

"थांबा, हिला इचारा. विंग्लिश शाळंत शिकलीय, झाडांचंच येड हाय तिला."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मला एसटीत शेजारणीला खिडकी उघडायला सांगायचं तरी आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. मी ओल्या फडक्यानं खोड पुसलं. चुना निघाला, खाली करडी, गुळगुळीत साल दिसली. लहान वयात पिंपळाची साल अशीच असते आणि पायर या त्याच्या जातभाईचीही. म्हणजे पानांवरच ठरणार. पिंपळाच्या पानाला शेपटीसारखं लांब टोक असतं. पायरीचं टोक आखूड, देठ लालसर. देठ लाल होते. टोकं आखूड होती.

"पायर आहे," मी म्हणाले.

"नक्की?" काकांनी विचारलं.

"नक्की."

काकांनी छिन्नी उचलली. तासाभरात तीन दगड सुटले आणि आतलं जाड मूळ उघडं पडलं. मी बारदान घेऊन वाकले, तेव्हा खोडामागच्या खाचेत एक जुनं, हिरवंगार पान दिसलं. त्याचं टोक माझ्या बोटाएवढं लांब होतं. मग बाकीची पानं नीट बघितली. बाहेरच्या पानांची टोकं शेळ्यांनी कुरतडलेली होती. लाल देठ फक्त कोवळ्या पानांचे होते, आणि पिंपळाची कोवळी पालवीही तांबूसच असते. मला हे माहीत होतं. मला पायर हवी होती, म्हणून मी पायर बघितली होती.

ते पान खुडून मुठीत दाबलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. काकांनी छिन्नी मुळावर टेकवली.

"काका, थांबा. पिंपळच आहे. माझं चुकलं."

त्यांनी पान निरखून बघितलं. "आन मगाशी नक्की म्हनलीस."

"हो."

"माज्या हातनं पाप करून घेत व्हतीस व्हय?"

"जाऊ द्या, पोर हाय," मावशी मधे पडली.

"पोर कसली! समदं कळतंय तिला."

ते हौदावर जाऊन हात धुवायला लागले. मावशीनं डोळ्यांनीच मला घरात चल म्हणून खुणावलं. मी पिशवीतून करवत काढली.

"मूळ मी तोडते," मी म्हणाले. "झाड इथं राहिलं तर दुसरा गवंडी येऊन ते मोडून टाकेल. पिंपळ आहे हे आता कळलंय, म्हणजे किती छाटलं तर सोसेल हेही कळलंय."

"जगंल?" काकांनी हौदावरूनच विचारलं.

या वेळी मी नक्की म्हटलं नाही. "जगवायला बघीन."

मी गुडघ्यावर बसून करवत चालवायला लागले. काका पाठ करून उभे होते. थोड्या वेळानं आवाज आला, "दगडाला घासतीय ती. पातं खाली घे. आनखी." मी खाली घेतलं. मूळ तुटलं आणि पांढरा चीक बोटांवर आला. काकांनी बादलीभर पाणी आणून माझ्यापासून दोन हातांवर ठेवलं आणि लगेच मागे सरकले. मी बारदान भिजवलं, मुळांभोवती घट्ट गुंडाळलं आणि झाड एकटीनंच उचललं.