भास्कररावांचं स्वतःचं स्वप्न

"हे उठंनात," असं सुमनवहिनींनी त्या दुपारी फोनवर सांगितलं, तेव्हा मी सवयीनं म्हणालो, "मग झोपू द्या की!" त्या म्हणाल्या, "तसं नाही हो भाऊजी." दोन महिने होत आले, ते वाक्य कानातून जात नाही. पण मला दोष देऊ नका. भास्करराव जाधव एकदा झोपले की उठत नाहीत, हे आमच्या अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं. मानसशास्त्राचा हा प्राध्यापक झोपेचा धडा शिकवताना खुर्चीत बसायचा नाही. बसला की लगेच प्रात्यक्षिक सुरू व्हायचं.

मी भूगोलाचा आणि शेजारचा. रोज सकाळी कुंपणावरून त्यांचा मला एकच प्रश्न, "स्वप्न पडलं का?" टंचाईची वर्षं होती. शहर शेंद्र्याच्या कारखान्यांकडं पसरत चाललं होतं, नवी नवी घरं उठत होती आणि आमच्या कॉलनीला पाणी टँकरनं यायचं. टँकरच्या रांगेत भास्करराव हंडा विसरून लोकांची स्वप्नं गोळा करत बसायचे. सांगणाऱ्याला चहा मिळे. त्यामुळं टँकरचे ड्रायव्हर शेखचाचा यांना दर खेपेला नवं स्वप्न पडू लागलं आणि दर खेपेला ते आणखी लांबू लागलं. "चाचा, खरंच पडतात का एवढी?" मी एकदा विचारलं. "चाय पिए तो याद आता, सर," ते म्हणाले.

भास्कररावांना स्वतःला मात्र एकही आठवत नसे. स्वप्नं सगळ्यांनाच पडतात, आठवत नाहीत एवढंच, असं वर्गात ठणकावून सांगत आणि घरी येऊन कुढत. कारण त्यांची आई. ती गेल्यापासून गावी फुलंब्रीला थोरल्या भावाच्या, दादारावांच्या स्वप्नात नेमानं यायची. बांधावरची बाभूळ तोडू नको, म्हशीवर सावली कर, अशा सूचना देऊन जायची. "धाकटा मी, लाडका मी," भास्करराव चिडायचे, "अन् माय त्याच्याकडंच जाती व्हय?"

रोग सापडला तो विद्यार्थ्यांमुळं. स्वप्नाच्या झोपेत बंद पापण्यांखाली बुबुळं कशी हलतात हे दाखवायला भास्करराव एका दुपारी घरच्या व्हरांड्यातल्या खाटेवर स्वतःच आडवे झाले. भोवती वर्ग उभा. घोरणं चढत गेलं आणि एकदम थांबलं... श्वासही थांबला. मुली किंचाळल्या. वहिनी सांडशी हातात घेऊनच बाहेर आल्या, त्यांचा खांदा हलवला, श्वास सुरू झाला. "रोजचंच आहे," म्हणत त्या परत फोडणीकडं वळल्या.

डॉक्टर म्हणाले, झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, झोप मोडते. मग स्वप्नाची झोप पुरी होणार कुठून? घरात मशीन आलं. रात्री तोंडावर मुखवटा, त्याला लांब नळी. आम्ही त्यांना गणपती म्हणायला लागलो. आणि थोड्याच दिवसांत एका सकाळी ते कुंपणाशी धावत आले, डोळे भरलेले. "आली रे माय!"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, भास्क्या, तोंडाला हे काय बांधलंस? आधी काढ ते, अन् जेव."

हसले, रडले आणि लगोलग दादारावांना फोन लावला. तो माणूस इतका आनंदी मी कधी पाहिला नव्हता.

तेव्हापासून दुपारच्या डुलकीला मुखवटा लावायचा नाही, हा त्यांचा नियम झाला. वहिनी ओरडायच्या, तर म्हणायचे, "मायचा शब्द मोडू का?" वहिनींना मग खाटेजवळच निवडण-टिपण घेऊन बसावं लागे. त्या दुपारी टँकरचा हॉर्न वाजला, म्हणून त्या उठल्या. हृदयच बंद पडलं होतं, हलवून काही उपयोग झाला नसता, असं डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं. वहिनींना ते पटत नव्हतं.

खाट अजून व्हरांड्यातच आहे. दुपारी आता वहिनी तिच्यावर आडव्या होतात. परवा उठल्यावर त्यांनी मला कुंपणावरून चहा दिला, आणि माझ्या तोंडून भास्कररावांचा प्रश्न निघून गेला. "स्वप्न पडलं का?"

"आले होते," त्या म्हणाल्या.

"काय म्हणाले?"

"घोरत होते, म्हणणार काय? मधेच दम अडकला..."

"मग?"

"हलवलं मी. घेतला हो श्वास."