सोमराचा ताप आणि आमचे डास

"मॅडम, ताप गेलो तेचो. सांजच्या गाडयेन धाडतंय तेका," ट्रॉलरचे मालक बाबलदादा म्हणाले. मागे त्यांचा झारखंडचा खलाशी सोमरा, बॅग घेऊन, मान खाली घालून उभा. जेटीवर घेतलेली त्याची स्लाइड, म्हणजे काचेवरचा रक्ताचा थेंब, हिवतापाची निघाली होती. मी जिल्ह्याच्या हिवताप विभागात कीटकशास्त्रज्ञ. डास हाच माझा धंदा.

"औषध अर्ध्यारच आसा. उद्याची गोळी आमच्यासमोर घेवक होयी. तेका हयच रवांदे."

"नको! रोग तेच्या गावचो. आमच्या डासांचो काय संबंध?"

माझं डोकंच फिरलं. ताप उतरला तरी परजीवीची काही रूपं रक्तात उरतात. माणसाला त्रास देत नाहीत, डासाची वाट बघतात. उद्याची गोळी त्यांच्यासाठीच असते. डास चावला की रक्ताबरोबर ही रूपं त्याच्या पोटात जातात. डासाचं शरीर असल्या आगंतुकाला मारून टाकतं; पण परजीवीच्या अंगावर एक प्रथिन असतं. ते पोटातल्या पेशींना कुलपात किल्ली बसावी तसं बसतं आणि पहारा ढिला पडतो. किल्ल्या प्रदेशागणिक थोड्या वेगळ्या; परमुलखातली किल्ली इथे बसेलच असं नाही. पण बाहेरचे खलाशी येऊन गेल्यावर, गाव कधी न सोडलेल्या बायकांनाही आमच्याकडे हा ताप आलाय. म्हणजे आमचे डास दार उघडतात!

विभागातल्या साहेबांना फोन लावला.

"जाऊ द्या हो मॅडम. गेला की आपल्या जिल्ह्याची केस नाही."

"सर, माणूस आहे तो, पार्सल नाही!"

फोन ठेवला आणि तरातरा बाबलदादांच्या परसात गेले. सिमेंटची टाकी उघडी. पळीभर पाणी काढून त्यांच्या नाकासमोर धरलं. हिवतापाच्या डासाच्या अळ्या पाण्यावर आडव्या पडून राहतात. तशाच पडल्या होत्या, आरामात.

"हे खंयच्या गावचे, दादा?"

आतून वहिनी म्हणाल्या, "झाकण घाला म्हणान मी कवापासून सांगतंय!"

सोमरा राहिला. मच्छरदाणीत झोपला, गोळी घेतली. पुढची स्लाइड स्वच्छ निघाली आणि तो पुन्हा ट्रॉलरवर चढला.

ट्रॉलर सुटताना जेटीवर गाऱ्हाणं झालं. बाबलदादांनी हात जोडून देवाला सांगितलं, "भायरची पिडा गावात येवक देऊ नको, महाराजा!" सगळे ओरडले, "व्हय महाराजा!" त्यांच्यात सोमराही होता.

मीही म्हटलं. पण आधी टाकीचं झाकण बघून आले होते.